पाण्यात विरघळणारी पॉलिमर नॅनोकॉम्पोझिट्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आणि आसपास या विषयाची चौकशी करणारे साधारण तीन प्रकारचे लोक भेटतात. प्रोजेक्टसाठी विषय शोधणारे विद्यार्थी, ‘नॅनो’ असं काहीतरी विकायला आलेल्या सेल्समनमुळे गोंधळलेले छोटे कारखानदार, आणि कपडे धुवायचा पॉड (विरघळणाऱ्या फिल्ममध्ये भरलेली साबणाची पुडी) बादलीत विरघळताना बघून ‘हे शेवटी जातं कुठे?’ असं विचारणारे. तिघांचे प्रश्न वेगवेगळे असतात, पण उत्तरं फिरून फिरून पाण्यापाशीच येतात. पाण्यात विरघळणं ही या पदार्थांची सगळ्यात मोठी सोय आणि तीच सगळ्यात मोठी अडचण. खाली ही दोन्ही टोकं धरूनच लिहिलं आहे.

हा नेमका काय प्रकार आहे?

पाण्यात विरघळणारं एखादं पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, घ्यायचं आणि त्यात नॅनो आकाराचे कण, पापुद्रे किंवा तंतू एकसारखे पसरवायचे. सुकल्यावर जी फिल्म, लेप किंवा जेल मिळतं ते नॅनोकॉम्पोझिट. पॉलिमर म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, स्टार्च, कायटोसान, अल्जिनेट, सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज), पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) वगैरे. फिलर, म्हणजे आत पसरवायचे ते कण: बेंटोनाइटसारखी माती, चांदी, झिंक ऑक्साइड, सिलिका, नॅनोसेल्युलोज, ग्राफीन ऑक्साइड वगैरे. फिलर सहसा वजनानं पाच टक्क्यांच्या आतच असतो.

या व्याख्येत सगळ्यात जड शब्द आहे ‘एकसारखे पसरवायचे’. सगळा खेळ त्यातच आहे.

यातली पॉलिमरं रोजच्या वापरात कुठे दिसतात?

जवळजवळ सगळीकडे. डोळे कोरडे पडतात म्हणून जे थेंब घालतो त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा सीएमसी असतं. जखमेवर लावायच्या तपकिरी पोव्हिडोन-आयोडीनमधलं ‘पोव्हिडोन’ म्हणजे पीव्हीपी. ते १९३० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत वॉल्टर रेपे यांनी शोधलं. आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये सीएमसी. सुती साडीला घालायची कांजी म्हणजे स्टार्च.

एक गैरसमज इथेच मोडून काढू. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद हा पाण्यात विरघळलेलं पॉलिमर नव्हे. तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचं इमल्शन आहे: पाण्यात न विरघळणारे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले. म्हणून तो दुधासारखा पांढरा दिसतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं द्रावण मुळातच पारदर्शक असतं. बाजारात दोघांनाही ‘पीव्हीए’ म्हणतात, आणि त्या एका नावामुळे कित्येकांच्या प्रोजेक्टची वाट लागते. या लेखात पीव्हीए म्हणजे अल्कोहोलवालं.

नॅनो म्हणजे किती लहान? आणि लहान केल्यानं असं काय वेगळं होतं?

निदान एका बाजूनं १ ते १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याचा एक पापुद्रा फक्त १ नॅनोमीटर जाड असतो, पण लांबी-रुंदी त्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त. हे पापुद्रे पूर्ण सुटे झाले तर एक ग्रॅम मातीचा पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या पुढे जातो. इतक्या पृष्ठभागाला पॉलिमरच्या साखळ्या चिकटतात, म्हणजे साखळ्यांची हालचाल जखडली जाते आणि फिल्म ताठ व मजबूत होते. शिवाय ऑक्सिजनच्या रेणूला फिल्म ओलांडायची तर प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून नागमोडी जावं लागतं, त्यामुळे वायू कमी झिरपतो. हीच माती सुटी न होता ढेकळाच्या रूपात राहिली तर यातलं काहीही मिळत नाही. उलट ढेकळापाशीच फिल्म फाटते.

पण त्यासाठी पाण्यात विरघळणारंच पॉलिमर कशाला? पॉलिप्रॉपिलीन का नको?

चालतं की, पण कटकट जास्त. मातीच्या पापुद्र्यांमध्ये सोडियमचे आयन असतात आणि त्यांना पाणी आवडतं. साधी सोडियम बेंटोनाइट पाण्यात टाकली की पाणी आत शिरतं, पापुद्रे फुगून दूर होतात आणि पाण्यात विरघळलेल्या साखळ्यांना मधे घुसायला वाट मिळते. पॉलिप्रॉपिलीन तेलकट प्रवृत्तीचं. त्याच्यासाठी मातीवर आधी अमोनियम क्षारांची प्रक्रिया करून तिलाही तेलकट करावं लागतं, मग वितळवून दाबानं मिसळावं लागतं.

गंमत अशी, की ‘नॅनोकॉम्पोझिट’ची हवा झाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन आणि माती एकत्र आणली तेव्हा. पण पीव्हीए माँटमोरिलोनाइटवर कसं चिकटतं याचा अभ्यास १९६३ सालीच प्रसिद्ध झाला होता. फक्त तेव्हा त्याला नॅनो म्हणायची पद्धत नव्हती.

पाण्यात विरघळतं, तर मुंबईच्या पावसाळ्यात याचं काय होणार?

खरा प्रश्न हा. जुलैत इथली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि दिवसेंदिवस खाली येत नाही. पीव्हीएची फिल्म पाण्यात बुडवायची गरजच नसते, ती हवेतूनच पाणी ओढते. आत शिरलेलं पाणी साखळ्यांमध्ये वंगणासारखं काम करतं. कोरड्या पीव्हीएचं काचेसारखं ताठपण साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. ओलावा शिरला की हा आकडा घसरत घसरत खोलीच्या तापमानापर्यंत किंवा त्याच्याही खाली येतो. मग फिल्म लिबलिबीत होते, थरांना थर चिकटतात, रोल उलगडता येत नाही. फिल्म लवचीक राहावी म्हणून घातलेलं ग्लिसरीन या दिवसांत आगीत तेल ओततं, कारण ग्लिसरीन स्वतःच पाणी खेचतं.

आणखी एक फटका लक्षात येत नाही. कोरडं पीव्हीए ऑक्सिजन अडवण्यात फार उत्तम आहे. पण ओलं झालं की तो गुण वेगानं जातो. कोरड्या हवेतल्या प्रयोगशाळेत मोजलेला ‘बॅरियर’ दाखवून कोणी तुम्हाला फिल्म विकत असेल तर किती आर्द्रतेला मोजलं हे आधी विचारा. शून्य टक्क्याचा आकडा भायखळ्याच्या गोदामात काही कामाचा नाही.

नॅनो फिलरचा उपयोग इथे होतो, पण मर्यादित. पापुद्रे पाण्याचीही वाट नागमोडी करतात आणि साखळ्यांना धरून ठेवतात, त्यामुळे फिल्म उशिरा फुगते, फुगल्यावरही थोडी ताकद राखते. पावसाळा मात्र जिंकतोच. म्हणून माल ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, सील करून ठेवायचा. उघडलेलं पाकीट त्याच दिवशी संपवायचं.

विरघळूच नये असं करता येतं का?

येतं. साखळ्या एकमेकींना बांधायच्या, म्हणजे पदार्थ पाण्यात फुगतो पण विरघळत नाही. त्याला हायड्रोजेल म्हणतात. बांधायचे मार्ग बरेच आहेत. ग्लुटराल्डिहाइड वापरतात, पण ते विषारी आहे आणि शिल्लक राहिलेलं धुऊन काढावं लागतं. सायट्रिक ॲसिड घालून तापवणं सौम्य. शाळेत पोरं बोरॅक्स टाकून स्लाइम करतात तेही बांधणंच, फक्त ते बंध सतत तुटत-जुळत राहतात म्हणून स्लाइम वाहतं.

मला सगळ्यात आवडतो तो रसायनाशिवायचा मार्ग. पूर्ण हायड्रोलाइज्ड (म्हणजे साखळीवरच्या जवळजवळ सगळ्या ॲसिटेट गटांचं अल्कोहोल केलेल्या) पीव्हीएचं दहा-बारा टक्क्यांचं द्रावण उणे २० अंशाला गोठवायचं, मग खोलीच्या तापमानाला आणायचं, पुन्हा गोठवायचं. बर्फ होताना साखळ्या दाटीनं एकत्र ढकलल्या जातात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनतात. हे स्फटिकच गाठींचं काम करतात. तीन-चार फेऱ्यांनंतर रबरासारखं पांढुरकं जेल हातात येतं. कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये होण्यासारखी गोष्ट आहे.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं तिसरा मार्ग घेतला: किरणोत्सर्ग. भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांसाठी त्यांनी पीव्हीएवर आधारित हायड्रोजेल ड्रेसिंग विकसित केलं. त्यात बंध जोडणं आणि निर्जंतुक करणं ही दोन्ही कामं एकाच माऱ्यात होतात, रसायनाचा अंश मागे राहत नाही. त्याच ट्रॉम्बेत वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारं आयसोमेड केंद्र १९७४ पासून आहे, म्हणजे या तंत्राची सवय इथे जुनीच.

भिवंडीतल्या सायझिंगवाल्यांना याचा काय फायदा?

ताण्याचं सूत मागावर चढण्याआधी त्याला खळ लावावी लागते, नाहीतर फणीत घासून धागे तुटतात आणि माग थांबत राहतो. गिरणगावातल्या गिरण्यांत सायझिंग खातं असायचं. आज भिवंडीत नुसत्या सायझिंगचे वेगळे कारखाने आहेत. खळ प्रामुख्यानं स्टार्चची, आणि पॉलिस्टर मिसळलेलं सूत असलं की त्यात पीव्हीए. पीव्हीएची फिल्म चिवट, धाग्याला घट्ट बसते, आणि विणून झाल्यावर गरम पाण्यानं निघते. स्टार्च काढायला एन्झाइम लागतं.

अडचण दोन ठिकाणी आहे. पीव्हीए स्टार्चपेक्षा महाग, आणि धुतल्यावर ते सगळं सांडपाण्यात जातं. म्हणून स्टार्चमध्येच थोडी नॅनोक्ले, सिलिका किंवा नॅनोसेल्युलोज घालून स्टार्चची फिल्म मजबूत करायची आणि पीव्हीए कमी करायचं, अशा दिशेनं बरंच काम झालं आहे. कल्पना पटण्यासारखी आहे. पण सायझिंगच्या कढईत सगळं ८०-९० अंशाला सतत ढवळलं जातं, गाठी झालेल्या फिलरनं फणी झिजते, आणि मागावर रात्रपाळीला आर्द्रता बदलली की खळीचं वागणं बदलतं. तेव्हा सेल्समननं आणलेल्या बाटलीवर विश्वास ठेवून पूर्ण लॉट लावू नका. एक बीम (ताण्याचा एक रोळ) लावा, तुटणारे धागे मोजा, मग ठरवा. अशा चाचण्यांसाठी घाटकोपरची बीटीआरए आणि वरळीची ससमिरा या कापडाच्याच संस्था हाताशी आहेत.

आणखी कुठे वापरतात?

भरतकामात. नेट किंवा ऑर्गन्झासारख्या तलम कापडावर मशीननं काम करताना खाली-वर थंड पाण्यात विरघळणारी फिल्म लावतात, काम झालं की धुऊन टाकतात. इस्पितळात संसर्ग झालेल्या रुग्णांच्या चादरी अशाच फिल्मच्या पिशवीत बांधतात. पिशवी न उघडता थेट मशीनमध्ये, म्हणजे धुणाऱ्याचा हात लागत नाही. कीटकनाशकांची पावडर अशा पाकिटात भरून पाकिटासकट टाकीत टाकतात. यातली बरीचशी फिल्म साधं पॉलिमर असते, नॅनो वगैरे काही नाही. नॅनो फिलर तिथे येतो जिथे विरघळण्याची वेळ, ताकद किंवा वायू अडवणं काटेकोर हवं असतं.

औषधात चांदीचे नॅनोकण जेलमध्ये किंवा ड्रेसिंगमध्ये धरून ठेवायला पीव्हीपी आणि पीव्हीए वापरतात. साखळ्या कणाभोवती गुंडाळल्या की कण एकमेकांना चिकटत नाहीत. हे डोळ्यांनी दिसतं: पीव्हीपी घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडचे थेंब पडले की रंगहीन पाणी पिवळं होतं. हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात म्हणून तो पिवळा. पीव्हीपी विसरलात तर थोड्या वेळात करडं होऊन तळाशी गाळ बसतो.

बॅटरीतही. पॉलिइथिलीन ऑक्साइड हेही पाण्यात विरघळणारंच, पण लिथियमच्या क्षाराबरोबर ते घन इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या थराचं, काम करतं. साध्या तापमानाला त्याचे स्फटिक होतात आणि आयन अडकतात. १९९८ मध्ये दाखवलं गेलं की त्यात टायटॅनियम डायऑक्साइड किंवा ॲल्युमिनाचे नॅनोकण घातले तर स्फटिक कमी होतात आणि आयन जास्त सहज फिरतात. इथे पाणी मात्र शत्रू, कारखान्यात हवा कोरडी ठेवावी लागते.

आणि एक वापर तुम्ही रस्त्यानं जाताना रोज बघता. टॉवरच्या पायासाठी पाइल घेताना खड्ड्यात करडं चिकट पाणी भरलेलं असतं ते बेंटोनाइटचं. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून. त्यात कधीकधी सीएमसीसारखं पॉलिमरही घालतात. याला नॅनोकॉम्पोझिट म्हणणं जरा ताणल्यासारखं होईल, पण माती आणि पाण्यात विरघळणारं पॉलिमर यांची जोडी तीच. किनाऱ्यालगतच्या साइटवर खारं पाणी शिरलं की हे मिश्रण फाटतं, कारण मिठामुळे पापुद्रे पुन्हा एकत्र येतात. पुढे प्रयोगाच्या वेळी हे आठवा.

ससून डॉकवर कोळंबीची एवढी सालं पडतात, त्यांचं काही होऊ शकतं का?

होतं. कोळंबीच्या सालात कायटिन असतं. साल आम्लात टाकून त्यातलं कॅल्शियम काढायचं, अल्कलीनं प्रथिनं काढायची, आणि उरलेलं कायटिन तीव्र गरम कॉस्टिकमध्ये शिजवायचं की कायटोसान मिळतं. ते शुद्ध पाण्यात विरघळत नाही हे ध्यानात घ्या. पाणी थोडं आंबट लागतं, एक-दोन टक्के ॲसिटिक ॲसिड पुरे. झिंक ऑक्साइड किंवा माती घातलेल्या कायटोसानच्या लेपाखाली फळं जास्त टिकतात, कारण कायटोसान स्वतःच बुरशीला आवरतं.

मात्र घरगुती उद्योग म्हणून हे सुचवणाऱ्यांपासून सावध. आम्ल आणि कॉस्टिकचं भरपूर सांडपाणी निघतं, त्याची व्यवस्था नसेल तर एक कचरा संपवून दुसरा तयार केला इतकंच होईल. शिवाय साल ताजी हवी. दुपारच्या उन्हात पडलेली साल सडायला लागली की कायटोसानचा दर्जा घसरतो.

बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पीव्हीए-बेंटोनाइटची फिल्म कशी करायची?

आदल्या रात्री ०.१५ ग्रॅम बेंटोनाइट ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला. सकाळी तासभर जोरात ढवळा; अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर अर्धा तास त्यात ठेवा. बेंटोनाइट बाजारू असेल तर त्यात रेती असते: भिजवलेलं मिश्रण काही तास स्थिर ठेवून वरचं तेवढं ओतून घ्या.

दुसरीकडे ५ ग्रॅम पीव्हीए ९५ मिली पाण्यात विरघळवा. इथे बहुतेकांची फसगत होते. पावडर गरम पाण्यात एकदम टाकली की पिठल्यात बेसन पडावं तशा गुठळ्या होतात, बाहेरून जेल आणि आत कोरडी पावडर, आणि त्या दिवसभर ढवळून सुटत नाहीत. थंड पाणी ढवळत ठेवून त्यात पावडर भुरभुरवा, सगळी ओली होऊ द्या, मग हळूहळू ८५-९० अंशापर्यंत न्या आणि द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत तिथेच ठेवा. तास-दीड तास लागतो. झाकण ठेवा, नाहीतर पाणी उडून टक्केवारी बदलते.

द्रावण थोडं निवलं की मातीचं पाणी त्यात बारीक धारेनं सोडा. ढवळणं हळू, कारण फेस झाला की फिल्मला भोकं पडतात. रात्रभर तसंच ठेवा, बुडबुडे वर येतील. मग सपाट प्लॅस्टिकच्या पेट्री डिशमध्ये ओता आणि ४० अंशाच्या ओव्हनमध्ये दीड-दोन दिवस सुकवा. काचेला फिल्म घट्ट चिकटते, म्हणून प्लॅस्टिक. टेबलाला थोडा जरी उतार असेल तर फिल्म एका बाजूला जाड होईल. जून ते सप्टेंबर फिल्म उघड्यावर सुकवायचा नादच सोडा. सुकलेली फिल्म सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, आणि ताकद मोजायच्या आधी सगळे नमुने एकाच आर्द्रतेत ठेवलेले हवेत, नाहीतर तुम्ही माती नाही, हवामान मोजत आहात.

नुसत्या पीव्हीएची फिल्मही त्याच दिवशी करा. तुलनेला ती नसेल तर बाकी सगळं फुकट.

नळाचं पाणी चालेल का?

महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यामानानं मऊ, पण प्रयोगाला नको. टँकरचं किंवा बोअरचं तर मुळीच नको: त्यातले क्षार मातीचे पापुद्रे एकत्र आणतात. अल्जिनेट वापरत असाल तर कॅल्शियममुळे तिथल्या तिथे जेलच्या गाठी होतील.

कच्चा माल घेताना काय बघायचं?

पीव्हीएच्या पोत्यावरचा आकडा. १७-८८ म्हणजे साखळीची लांबी साधारण १७०० एकक आणि हायड्रोलिसिस ८८ टक्के. १७-९९ म्हणजे तीच लांबी, पण ९९ टक्के. ऐकायला उलटं वाटतं, पण ८८ टक्केवालं पाण्यात सहज विरघळतं आणि ९९ टक्केवाल्याला कडक गरम पाणी लागतं. साखळ्या जास्त नियमित झाल्या की त्या एकमेकींना घट्ट धरतात, पाण्याला आत शिरू देत नाहीत. विरघळणारी पिशवी हवी तर ८८, गोठवून जेल करायचं तर ९९. मशीद बंदरच्या वडगादीत दुकानदाराला नुसतं ‘पीव्हीए द्या’ म्हणू नका, आकडा सांगा आणि सोबत टेक्निकल डेटा शीट मागा.

बेंटोनाइट देशात मुख्यतः गुजरात आणि राजस्थानातून येते, कच्छची प्रसिद्ध. सोडियम प्रकारची हवी. घरच्या घरी तपासता येतं: मोजपात्रात १०० मिली डिस्टिल्ड पाणी घेऊन २ ग्रॅम पावडर चिमूट चिमूट करून वरून सोडा, एक दिवस थांबा. चांगली सोडियम बेंटोनाइट फुगून २४ मिली किंवा जास्त जागा घेते. कॅल्शियमवाली तळाशीच बसून राहते.

जास्त फिलर घातला तर जास्त फायदा?

नाही. मातीच्या बाबतीत पाचेक टक्क्यांपुढे पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटायला लागतात, फिल्म ठिसूळ आणि धुरकट होते.

खरंच नॅनो झालं की नाही हे कसं कळणार?

डोळ्यांनी पहिला अंदाज येतो: फिल्म पारदर्शक राहिली तर आशा आहे, धुरकट झाली तर गाठी आहेत. त्यानंतर एक्स-रे डिफ्रॅक्शन: नमुन्यावर एक्स-रे सोडून ते कोणत्या कोनात परततात याचा आलेख काढायचा. कोरड्या सोडियम मातीचा ठळक उंचवटा तांब्याच्या नळीचे एक्स-रे वापरले तर ७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पापुद्र्यांतलं अंतर सुमारे १.२ नॅनोमीटर. पॉलिमर आत घुसलं की तो डावीकडे सरकतो. पापुद्रे पूर्ण सुटे झाले की नाहीसा होतो. पण नुसता नाहीसा झाला म्हणून हुरळून जाऊ नका. दोन टक्के माती असली तर उंचवटा तसाही मंद असतो. खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनंच होते. पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ या केंद्रात बाहेरच्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात.

पाण्यात विरघळलं म्हणजे संपलं ना? मग हे पर्यावरणाला चांगलंच.

विरघळलं म्हणजे दिसेनासं झालं. रेणू पाण्यात आहेतच. स्टार्च आणि अल्जिनेट जिवाणू लवकर फस्त करतात. पीव्हीएचं तसं नाही. त्याचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा, तो तोडणारे जिवाणू आहेत, १९७० च्या दशकापासून माहीत आहेत, पण ते सगळीकडे पुरेशा संख्येनं नसतात. ज्या सांडपाणी केंद्रात पीव्हीए सतत येत राहतं तिथे असे जिवाणू वाढतात आणि काम चांगलं होतं. थंड पाण्यात, मातीत, समुद्रात वेग फारच मंदावतो. पॉडच्या पीव्हीए फिल्मवरून अमेरिकेत वाद झाला, तिची सुरक्षितता तपासायला लावा असा अर्ज तिथल्या पर्यावरण संस्थेकडे गेला आणि २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. वाद संपला असं मात्र नाही.

मुंबईपुरतं बोलायचं तर प्रश्न आणखी सरळ आहे. पॉड बनवणारे जी ‘सांडपाणी केंद्रात विघटन होतं’ अशी ग्वाही देतात, ती जैविक प्रक्रिया करणारं केंद्र गृहीत धरून. आपल्याकडे वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं प्राथमिक गाळणीनंतर नळांनी तीन किलोमीटरहून जास्त आत समुद्रात सोडलं गेलं. आता वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, वर्सोवा आणि भांडुप अशी सात नवी केंद्रं उभारली जात आहेत. ग्वाही तपासायची तर तुमच्या इमारतीचं पाणी यातल्या कुठे जातं आणि तिथे जैविक टप्पा सुरू आहे का, हे विचारायला हवं.

नॅनोकॉम्पोझिटमध्ये याहून मोठा मुद्दा फिलरचा. साध्या प्लॅस्टिकमध्ये अडकलेला कण निदान बराच काळ तिथेच राहतो. पाण्यात विरघळणाऱ्या फिल्ममध्ये मात्र पॉलिमर गेलं की कण लगेच मोकळे. माती किंवा नॅनोसेल्युलोज असेल तर चिंता थोडी. चांदी किंवा झिंक ऑक्साइड असेल तर जंतुनाशक गुण गटारातही काम करतो, आणि सांडपाणी केंद्रातले जे जिवाणू पीव्हीए खाणार त्यांनाच तो मारतो. माझ्या मते धुतल्यावर वाहून जाणाऱ्या वस्तूत नॅनो चांदी घालणं हा शुद्ध मार्केटिंगचा मोह आहे.

विरघळलेलं पीव्हीए पाण्यात आहे हे दाखवता येतं?

येतं, वर्गात करण्यासारखं आहे. पॉडच्या रिकाम्या फिल्मचा तुकडा कोमट पाण्यात पूर्ण विरघळू द्या. त्यात बोरिक ॲसिडचं द्रावण आणि आयोडीनचे दोन-तीन थेंब घाला. स्वच्छ दिसणारं पाणी हिरवट-निळं होतं. स्टार्चही आयोडीननं निळा होतो, तेव्हा भांडं भाताच्या पेजेचं नको.

प्लॅस्टिकबंदीतून या पिशव्यांना सूट आहे का?

‘पाण्यात विरघळते’ एवढ्यावर नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, देशभरात एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. कंपोस्टेबल पिशवी म्हणून विकायची तर आयएस १७०८८ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दादरच्या बाजारात कोणी पिशवी ग्लासात विरघळवून दाखवली तरी प्रमाणपत्राचा क्रमांक विचाराच.

हाताळायला सुरक्षित आहे का?

द्रावण आणि फिल्म बहुतांशी निरुपद्रवी. धोका कोरड्या नॅनोपावडरचा, ती हवेत उडते आणि फुप्फुसात खोल जाते. कार्बन नॅनोट्यूबच्या बाबतीत तर कडक खबरदारी. पावडर शक्यतो पाण्यात पसरवलेल्या रूपातच विकत घ्या. कोरडी असेल तर पंखा बंद, एन-९५ मास्क, आणि झाडूऐवजी ओलं फडकं. खाण्याच्या बाबतीत एवढं सांगतो की टायटॅनियम डायऑक्साइडचा खाद्यरंग युरोपीय संघानं २०२२ मध्ये बंद केला. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९ मध्ये नॅनो औषधांसाठी आणि २०२० मध्ये शेती व अन्नातल्या नॅनो उत्पादनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. उत्पादन काढायच्या विचारात असाल तर त्या आधी वाचा.

पुरवठादार ‘नॅनो’ म्हणतो. काय विचारू?

फिलर कोणता, किती टक्के, कणाचा आकार कशानं मोजला, कोणत्या आर्द्रतेला चाचणी केली, आणि नॅनो न घातलेल्या नमुन्याचे आकडे कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण विषय बदलतात.

थ्री-डी प्रिंटरचं पीव्हीए फिलामेंट फटफट आवाज करतं, मधेच अडकतं.

ओलावा. ४५-५० अंशाला पाच-सहा तास वाळवा आणि प्रिंट चालू असतानाही बंद डब्यातूनच ओढू द्या.

उरलेलं द्रावण किती दिवस टिकतं?

स्टार्च आणि जिलेटिनचं मुंबईच्या उकाड्यात दोन दिवसांत आंबतं, सीएमसीचं काही दिवसांत पातळ होतं, कारण जिवाणू साखळ्या तोडतात. पीव्हीए जास्त टिकतं, पण ९९ टक्केवालं ठेवल्या ठेवल्या दाट होत जातं. पुन्हा ८०-९० अंशाला तापवलं की पूर्ववत. बाटलीवर तारीख आणि टक्केवारी लिहा, फ्रिजमध्ये ठेवा, आणि वर बुरशीचा ठिपका दिसला तर गाळून वापरायच्या फंदात न पडता नवं करा.